जुन्या दोन-सीपीयू मशीनसाठी स्वस्त प्रोसेसर: दुसरा दिसत नाही, उन्हाळ्यात बंद पडते, यावर उपाय

“मशीन चालू होऊन राहिली भाऊ, पण एकच प्रोसेसर दाखवून राहिली.” ही एक तक्रार. “सकाळी बरी चालते, दुपारी एक्सपोर्ट लावला की खटकन बंद,” ही दुसरी. कंपन्यांनी काढून टाकलेली एचपी झेड६००, झेड६२०, झेड८२०, डेल टी५५००, टी७६०० ही वर्कस्टेशनं आता दारव्हा, वरोरा, आर्वी, मूर्तिजापूरसारख्या गावांतल्या टेबलांवर येऊन बसली आहेत. लग्नाचे व्हिडिओ करणारा स्टुडिओ असो की डीटीपीचं दुकान, मशीन हळू वाटू लागली की मालक जुने झिऑन (इंटेलचे सर्व्हर-वर्कस्टेशनसाठीचे प्रोसेसर) मागवतो आणि वरच्या दोनपैकी एका तक्रारीत अडकतो.

दोन्ही तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं. प्रोसेसर निवडताना फक्त कोरांचा आकडा आणि किंमत पाहिलेली असते. खरा क्रम असा लावा: बोर्ड (मदरबोर्ड) काय घेतो, कूलर (प्रोसेसरवरचा धातूचा ठोकळा आणि पंखा) किती वॅट सोसतो, घड्याळ (प्रोसेसरचा वेग) किती गिगाहर्ट्झचं आहे, आणि सगळ्यात शेवटी कोर किती.

बोर्ड काय घेतो

झिऑनच्या नावातच बरंच लिहिलेलं असतं. ई५-२६५० या नावात ‘ई५’नंतरचा पहिला आकडा म्हणजे एका बोर्डावर असे किती प्रोसेसर बसू शकतात. १ असेल तर एकटाच चालणार. म्हणून ई५-१६२०, ई५-१६५०, ई५-१६६० कितीही स्वस्त मिळाले, तरी त्यांची जोडी लागत नाही. दोन सीपीयूंना, म्हणजे प्रोसेसरांना, आपसात जोडणारी क्यूपीआय वाहिनीच त्यांच्यात नसते. दुसरा आकडा सॉकेट (बोर्डावरची प्रोसेसर बसण्याची जागा) सांगतो: ६ म्हणजे एलजीए २०११, ४ म्हणजे एलजीए १३५६. ई५-२४२० किंवा ई५-२४४० ‘दोन सीपीयूवाला झिऑन’ म्हणून विकला जातो. तो खरोखर दोनचाच आहे, पण झेड६२०च्या सॉकेटमध्ये बसणार नाही.

शेवटचं ‘व्ही२’, ‘व्ही३’, ‘व्ही४’ याकडे तितकंच लक्ष हवं. बिनाशेपटीचे, म्हणजे मागे ‘व्ही’ नसलेले (२०१२), आणि व्ही२ (२०१३) हे एलजीए २०११चे, डीडीआर३ रॅमवाले. व्ही३ (२०१४) आणि व्ही४ (२०१६) एलजीए २०११-३चे, आणि त्यांना सहसा डीडीआर४ लागते. नावात फक्त ‘-३’चा फरक असला तरी एकाचा प्रोसेसर दुसऱ्याच्या बोर्डात चालत नाही. त्याआधीची एलजीए १३६६ची पिढी म्हणजे ५५०० आणि ५६०० मालिका: एक्स५६५०, एक्स५६७० वगैरे. तिथेही डब्ल्यू३६८० किंवा डब्ल्यू३६९० घेऊ नका, तेही एकटेच चालणारे.

एचपीत आणखी एक अडसर आहे आणि सगळ्यात जास्त पैसे तिथेच बुडतात. झेड६२० आणि झेड८२०च्या पहिल्या खेपेचे बोर्ड व्ही२ घेतच नाहीत. मशीन चालू करताना एफ१० दाबा, फाइल, मग सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये जा आणि ‘बूट ब्लॉक डेट’ (बोर्डातल्या मूळ सॉफ्टवेअरच्या गाभ्याची तारीख) वाचा. १२/२८/२०११ असेल तर फक्त बिनाशेपटीचे ई५-२६०० चालतील. ०३/०६/२०१३ असेल तर व्ही२ही चालतील. तारीख अमेरिकी पद्धतीची आहे, महिना आधी. बायोस, म्हणजे ते मूळ सॉफ्टवेअर, नवा टाकला की हे बदलेल असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. नेहमीच्या बायोस अपडेटने बूट ब्लॉक बदलत नाही. झेड६०० आणि झेड८००चं असंच आहे: ०१/३०/०९ तारखेचा बोर्ड ५६०० मालिका घेत नाही, ०३/१५/१०चा घेतो. जुनी मशीन विकत घेण्याआधीच विक्रेत्याकडून या स्क्रीनचा फोटो मागवा. सुपरमायक्रोच्या एक्स९ बोर्डांना व्ही२साठी बायोस ३.० किंवा पुढचं लागतं, आणि ते टाकण्यापुरता तरी एक बिनाशेपटीचा प्रोसेसर हाताशी असावा लागतो. डेल आणि लेनोव्होसाठी त्या नेमक्या मॉडेलची सीपीयू यादीच प्रमाण माना.

दुसरा सीपीयू खरंच लागतो का

जुना प्रोसेसर स्वस्त मिळतो, पण त्याच्या सोबतीचं सामान स्वस्त नसतं. झेड६२० आणि टी५५००मध्ये दुसरा सीपीयू मुख्य बोर्डावर बसत नाही, त्यासाठी वेगळं रायझर कार्ड (मुख्य बोर्डात खोचायचं जोड-बोर्ड) लागतं. कार्ड, त्याचा कूलर आणि त्या बाजूची वेगळी रॅम धरली तर हा खर्च प्रोसेसरच्या वर जातो. मशीनमध्ये रायझर नसेल तर आधी एकच चांगला प्रोसेसर टाकून पाहा. दोन ई५-२६२० मिळून १२ कोर आणि १९० वॅट. एकटा ई५-२६८० व्ही२ म्हणजे १० कोर, ११५ वॅट, आणि घड्याळही २.०च्या जागी २.८ गिगाहर्ट्झ. व्हिडिओच्या कामात ही एकटी चिप त्या जोडीपेक्षा सरस ठरते. कारण टाइमलाइन ओढणं, कट मारणं, टायटल टाकणं ही कामं एकदोन कोरांवरच चालतात, तिथे घड्याळ लागतं. जास्त कोरांचा फायदा एक्सपोर्टच्या (अंतिम फाइल बनवण्याच्या) वेळी होतो.

एक गोष्ट स्पष्टच सांगायला हवी. एलजीए १३६६च्या प्रोसेसरांत एव्हीएक्स (जड गणितं झपाट्याने करण्याची प्रोसेसरमधली सोय) नाही. ई५-२६०० आणि व्ही२मध्ये एव्हीएक्स आहे, पण एव्हीएक्स२ नाही. प्रीमियर प्रोच्या नव्या आवृत्त्या एव्हीएक्स२ मागतात. नवी आवृत्तीच वापरायची असेल तर या बोर्डावर आणखी एक रुपयाही घालू नका, व्ही३ किंवा व्ही४चं मशीन शोधा. जुनी आवृत्ती, डीटीपी, फोटोंची कामं, फाइल सर्व्हर यांना व्ही२ची जोडी पुरते. तसंच या झिऑनांमध्ये क्विक सिंक (व्हिडिओ उलगडणारा इंटेलचा खास भाग) नसतं, त्यामुळे मोबाइलची आणि कॅमेऱ्याची एच.२६४ फाइल उलगडण्याचा भार सीपीयूवर किंवा ग्राफिक्स कार्डवर पडतो. त्या पैशांत जीटीएक्स १६५० येत असेल, तर व्हिडिओवाल्यांनी दुसऱ्या सीपीयूआधी ते घ्यावं.

वॅट: आपल्याकडचा खरा निकष

चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला, वर्धा इथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. लगीनसराईचं काम नेमकं त्याच दिवसांत साचतं. थंड हवेच्या ऑफिसात बसवलेल्या मशीनचे आकडे इथे लागू पडत नाहीत.

हिशोब मांडून पाहा. कूलर दर वॅटमागे सुमारे ०.३ अंश वाढ होऊ देतो असं धरा. खोली ४० अंश, डब्याच्या आतली हवा ४८. ९५ वॅटचा प्रोसेसर पूर्ण भारावर असताना त्यात साधारण २८ अंशांची भर पडते, म्हणजे प्रोसेसरच्या धातूच्या झाकणाशी ७६. १३० वॅटचा ३९ अंश वाढवतो, म्हणजे ८७. आतले कोर याहून गरम असतात. इतकं तापल्यावर प्रोसेसर आधी आपलं घड्याळ खाली आणतो, आणि तरीही उतरलं नाही तर मशीन बंद करतो. म्हणजे महाग १३० वॅटवाला दुपारी ९५ वॅटवाल्यापेक्षाही हळू चालू शकतो आणि वर वीज जास्त खातो. दोन प्रोसेसर मिळून ७० वॅटचा फरक, रोज १० तास पूर्ण भारावर मशीन चालली तर महिन्याला २१ युनिट. झेड६०० तर मुळात ९५ वॅटपर्यंतचेच प्रोसेसर घेतो. त्याच्यासाठी एक्स५६८० आणि एक्स५६९० हे १३० वॅटचे घेण्यात अर्थच नाही.

मग कोणती जोडी?

व्ही२ घेणारा बोर्ड असेल तर डोळे मिटून ई५-२६५० व्ही२. ८ कोर, २.६ गिगाहर्ट्झ, टर्बोला (गरजेपुरता आपोआप वाढणारा वेग) ३.४, ९५ वॅट. विदर्भातल्या खोलीसाठी यापेक्षा समतोल चिप या पिढीत नाही. कूलर दमदार असेल आणि खोलीत दुपारी गारवा राहत असेल तर ई५-२६८० व्ही२: १० कोर, २.८ ते ३.६, ११५ वॅट. ई५-२६६७ व्ही२ (८ कोर, ३.३ ते ४.०, १३० वॅट) एडिटिंगला फार छान, पण तो एसीच्या खोलीसाठी. ई५-२६९७ व्ही२ हा १२ कोरांचा, त्या सॉकेटमधल्या सर्वांत वरच्यांपैकी एक. पण त्याची जास्तीची किंमत मोजण्याइतका फायदा आपल्या कामात मिळत नाही.

नावाने फसवणारा एक आहे: ई५-२६४० व्ही२. तोही ८ कोरांचा, तोही ९५ वॅटचा, पण घड्याळ २.० आणि टर्बो फक्त २.५. यादीत २६५० व्ही२च्या शेजारी, थोड्या कमी पैशांत दिसतो. घेऊ नका. ई५-२६०३ आणि ई५-२६०९ यांना ना टर्बो, ना हायपर-थ्रेडिंग (एका कोरावर दोन कामं चालवण्याची सोय). फुकट मिळाले तर बोर्ड तपासण्यापुरते ठेवा.

बूट ब्लॉक जुना असेल तर ई५-२६७० (८ कोर, २.६ ते ३.३, ११५ वॅट) किंवा ९५ वॅटचा ई५-२६६० (८ कोर, २.२). डेटा सेंटरांतून २६७० इतके बाहेर पडले की तो आजही मुबलक मिळतो. त्यात झाकणावर एसआर०केएक्स कोड असलेला घ्या. एसआर०एच८ ही आधीची सी१ आवृत्ती, तिच्यात व्हीटी-डी (व्हर्च्युअल मशीनला थेट हार्डवेअर देण्याची सोय) नीट चालत नाही. व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्याला ते नडतं, बाकीच्यांना फरक पडत नाही. एलजीए १३६६वर एक्स५६७५ किंवा एक्स५६७०, दोन्ही ६ कोर आणि ९५ वॅट. मशीन खोलीतल्या पंख्याविना कोपऱ्यात चोवीस तास चालणार असेल तर ६० वॅटचा एल५६४०.

मागवताना

जोडी एकाच मॉडेलची, आणि शक्यतो झाकणावरचा एस-स्पेक कोडही (‘एसआर’ने सुरू होणारा, चिपेची आवृत्ती सांगणारा) एकच असलेली घ्या. २६५० व्ही२साठी तो एसआर१ए८, २६८० व्ही२साठी एसआर१ए६. नागपुरात सीताबर्डीच्या बाजारात घ्या की दिल्ली-मुंबईहून मागवा, दोन्ही चिपांच्या झाकणाचा फोटो आधी हवा. त्यावर मॉडेलच्या नावाऐवजी ‘इंटेल कॉन्फिडेन्शियल’ आणि ‘क्यू’ने सुरू होणारा कोड दिसला तर ती चाचणीची चिप आहे. ब्रँडेड वर्कस्टेशनचा बायोस ती बहुधा ओळखत नाही. चिपेची खालची बाजूही फोटोत पाहा. सोनेरी ठिपक्यांवर काळे डाग किंवा कडेचे बारीक घटक उडालेले दिसले तर परत.

वेगळा कूलर घेणार असाल तर एलजीए २०११च्या दोन चौकटी लक्षात ठेवा. चौकोनी चौकटीच्या स्क्रूंमधलं अंतर ८० बाय ८० मिलिमीटर, अरुंद चौकटीचं ५६ बाय ९४. पट्टीने मोजूनच ऑर्डर द्या.

दुसरा प्रोसेसर दिसत नाही

सर्वांत आधी विंडोजची आवृत्ती पाहा. विंडोज १० होम एकच प्रोसेसर वापरतं, प्रो दोन. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्समध्ये ‘सॉकेट्स’पुढे १ दिसत असेल, तर काहीही उघडण्याआधी लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून मशीन चालू करा आणि टर्मिनलवर ‘एलएससीपीयू’ (lscpu) द्या. तिथे सॉकेट २ आले म्हणजे हार्डवेअर ठणठणीत आहे, फक्त विंडोज प्रो लागेल. स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधीच निम्मं काम इथे मिटू शकतं.

लिनक्सलाही एकच दिसला तर मशीन बंद करून वायर भिंतीतून काढा, पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा आणि मग उघडा. पहिली शंका दुसऱ्या सीपीयूच्या पॉवरची. बोर्डावर प्रत्येक सीपीयूसाठी बहुधा वेगळी आठ पिनांची जोडणी असते. रायझरवाल्या मशीनमध्ये कार्डाची पॉवर आणि कार्ड खाचेत पूर्ण बसलंय का, दोन्ही पाहा. एका बाजूने दोन मिलिमीटर वर राहिलेलं कार्ड वरून बसल्यासारखंच दिसतं.

मग रॅम. प्रत्येक सीपीयूची रॅम त्याच्या स्वतःच्या खाचांत हवी. सगळ्या पट्ट्या पहिल्याकडे ठेवून दुसरा टाकला तर काही बोर्ड चालूच होत नाहीत, आणि जे होतात त्यांत दुसरा सीपीयू प्रत्येक वेळी पहिल्याच्या दारात रॅम मागायला जातो. एलजीए २०११वर प्रत्येकी चार वाहिन्या, म्हणून चार-चार पट्ट्या उत्तम. एलजीए १३६६वर तीन-तीन. क्रमाचा नकाशा बहुधा बाजूच्या झाकणाच्या आतल्या अंगाला छापलेला असतो. रजिस्टर्ड आणि साधी रॅम एकत्र चालत नाही. लेबलवर १२८०० या आकड्यानंतर ‘आर’ अक्षर असेल ती रजिस्टर्ड. सगळ्या पट्ट्या एकाच अक्षराच्या ठेवा.

त्यानंतर सॉकेट. यात घाई नको. या पिढीत पिना प्रोसेसरला नसून बोर्डाच्या सॉकेटमध्ये असतात, केसाएवढ्या बारीक. चिप काढा, खोलीतला दिवा मालवा आणि मोबाइलचा टॉर्च सॉकेटच्या अगदी कडेला, आडवा धरा. सरळ पिनांची टोकं एका रेषेत चमकतात. वाकलेली पीन त्या रेषेत काळी फट दाखवते किंवा भलत्याच कोनातून लकाकते. चारही बाजूंनी टॉर्च फिरवा, कारण एका बाजूने सरळ दिसणारी पीन दुसऱ्या बाजूने वाकलेली निघते. ती सरळ करायची तर बारीक सुईच्या टोकाने, एकदाच, थोडीशी. पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते. बोट लावून पाहू नका, घामाचा तेलकट थर राहतो.

पिना नीट असतील तर अदलाबदल करा. नवीन चिप एकटी पहिल्या सॉकेटमध्ये टाका. चालली तर चिप चांगली, दोष दुसऱ्या सॉकेटचा, कार्डाचा किंवा पॉवरचा. नाही चालली तर चिप परत पाठवा, मुदत संपायच्या आत.

एचपीमध्ये पॉवर बटणाचा लाल दिवा बरंच सांगतो. दर सेकंदाला लुकलुकून दोन सेकंद थांबतो, त्या टप्प्यातले झबके मोजा. दोन म्हणजे प्रोसेसर तापून बंद. तीन म्हणजे प्रोसेसर सापडला नाही. चार, वीजपुरवठ्यात बिघाड किंवा जास्त भार. पाच, रॅम. सहा, ग्राफिक्स कार्ड. बीप काही फेऱ्यांनी थांबते, दिवा चालू राहतो.

कधी कधी दोन्ही सीपीयू दिसतात पण रॅम १६ किंवा ८ जीबी कमी दिसते. पट्टी बदलण्याआधी कूलर सैल करून पुन्हा कसा. एक स्क्रू पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे गेलं की चिप तिरकी दाबली जाते आणि एखादी रॅमची वाहिनी सुटते. समोरासमोरचे स्क्रू दोन-दोन फेरे देत, पाळीपाळीने घट्ट करा. बसवल्यावर एखादी पीसीआय (जोड-कार्डाची) खाच मेलेली वाटली तर ती दुसऱ्या सीपीयूच्या वाटची आहे का ते नकाशात पाहा. तो सीपीयू नसेल तर ती खाच चालणारच नाही.

दुपारी बंद पडते

आधी हीटसिंक, म्हणजे कूलरचा धातूचा ठोकळा. जिनिंगचा हंगाम असलेल्या गावांत कापसाचे तंतू आत जातात आणि पंख्याखाली, पात्यांच्या तोंडाशी नमद्यासारखा थर धरतात. वरून पंखा स्वच्छ दिसतो, पंखा काढल्यावरच तो थर दिसतो. नोव्हेंबर ते मार्च दर पंधरा दिवसांनी ब्लोअर मारा. मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो वाऱ्याने वेड्यासारखा फिरून बेअरिंग खराब होतं. जुन्या मशीनची थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झालेली असते. सुती कापड आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवीन लावा. एलजीए २०११चं झाकण मोठं असतं, मटाराएवढा ठिपका कमी पडतो. मधोमध थोडा मोठा, किंवा फुलीच्या आकारात लावा.

मशीनच्या डब्याचं झाकण काढून टेबलफॅन लावण्याची सवय सोडा. एचपी आणि डेलच्या वर्कस्टेशनमध्ये हवा पुढून मागे ठरलेल्या वाटेने नेलेली असते. झाकण उघडलं की प्रोसेसर थोडा गार दिसतो, पण रॅम आणि व्होल्टेजचे भाग तापतात. डेझर्ट कूलर खोलीत जरूर लावा, कोरड्या मे महिन्यात त्याचा मोठा उपयोग होतो. मात्र त्याचा झोत थेट मशीनवर नको. तुषारांसोबत बोअरच्या पाण्यातले क्षार येतात आणि बोर्डावर पांढरी पुटं चढतात. पावसाळ्यात त्या खोलीत कूलर बंदच ठेवा.

तापमान ठीक असूनही लाइट गेल्याबरोबर मशीन बंद होते, तर इन्व्हर्टर किंवा यूपीएस पाहा. ९५ वॅटची जोडी, ७५ वॅटचं कार्ड आणि बाकी सामान ७० वॅट धरलं तर ३३५. पॉवर सप्लायचा तोटा धरून भिंतीतून जवळपास ४०० वॅट. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटचाच असतो. एक्सपोर्ट चालू असताना लाइट गेली की तो हात टेकणारच. १३० वॅटची जोडी असेल तर ४७५च्या आसपास. किमान १ केव्हीए घ्या आणि इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचा असू द्या. या मशीनच्या पॉवर सप्लायमध्ये अ‍ॅक्टिव्ह पीएफसी (वीज नीट लहरीत ओढणारं सर्किट) असतं आणि चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर ते अनेकदा चालू राहत नाही. उन्हाळ्यात माती सुकली की अर्थिंगचा खड्डाही कोरडा पडतो. तिथे आठवड्यातून एकदा पाणी घाला.

बसवल्यावर चाचणी सकाळी नको, दुपारी तीनला घ्या. विंडोजमध्ये प्राइम९५ किंवा लिनक्समध्ये स्ट्रेस-एनजी अर्धा तास चालवा आणि बाजूला एचडब्ल्यूइन्फोत दोन्ही सीपीयूंचं तापमान आणि घड्याळ पाहत राहा. दोघांत पाच-सात अंशांचा फरक चालतो, कारण एकाची गरम हवा दुसऱ्यावर जाते. पंधरा अंशांचा फरक आला तर गरम असलेल्याचा कूलर पुन्हा बसवा. २६५० व्ही२चं घड्याळ २.६च्या खाली उतरू लागलं तर पुन्हा पंखा, पेस्ट आणि हवेची वाट तपासा, आणि तोवर बायोसमध्ये टर्बो बंद ठेवून काम चालवा. एक्सपोर्टला थोडा वेळ जास्त लागेल, पण मशीन संध्याकाळपर्यंत चालू राहील.